लाट वाकली म्हणजे खाली खडक

मे महिन्यात आमच्याकडे लाईट जाणं ही काय सांगायची गोष्ट नाय, पण त्या दिवशी साडेसातला गेली ती जेवणं झाली तरी आली नाय, मग सगळेच उठून खळ्यात येऊन बसले. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर आई देवघरातला बल्ब आणि एक पंखा एवढंच चालू ठेवू देते. तातूमामा एका कोपऱ्यात मोबाईलच्या टॉर्चवर जाळं शिवत होते, आणि आमचा भाचा, जो मुंबईहून सुट्टीला आलाय आणि ज्याचा डेटा पॅक संपला होता, तो नाइलाजाने स्वतःच्याच फोनचा वॉलपेपर बघत बसला होता. वॉलपेपर म्हणजे जेम्स वेब ह्या अवकाशातल्या दुर्बिणीचा तो पहिला फोटो, जुलै २०२२ मध्ये आलेला, काळ्यावर नुसते ठिपके आणि टिकल्या. मला म्हणाला, मामा, ह्यातल्या काही गॅलक्सी केळ्यासारख्या वाकड्या का आहेत, फोटो काढताना हात हलला काय?

मी दहा-बारा वर्षांपूर्वी एमएस्सीला असताना सहा महिने ह्याच एका विषयावर घालवलेत, आणि आता पगाराच्या स्लिपा काढणाऱ्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती करतो, घरूनच, रेंज असली तर. त्यामुळे असं कोणी विचारलं की माझं काय होतं ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. बायको लगेच आत गेली.

तर पहिली गोष्ट, हात हललेला नाही. हात हलला असता तर सगळंच एका दिशेला फराटलं असतं. नीट बघितलंस तर वाकड्या त्या फक्त काही आहेत, लालसर-केशरी, आणि त्या सगळ्या मधल्या पांढरट घोळक्याभोवती गोल गोल फिरल्यासारख्या वाकल्यात. तो पांढरट घोळका म्हणजे एक गॅलक्सी क्लस्टर, मराठी पुस्तकात दीर्घिकांचा समूह म्हणतात, नाव एसमॅक्स ०७२३. त्याचा प्रकाश निघाला ४६० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपली पृथ्वी तयार होत होती साधारण तेव्हा. आणि सहा टोकं फुटलेले जे चमकदार दिसतात ते आपल्याच आकाशगंगेतले तारे, मध्ये कडमडलेले. हा अख्खा फोटो म्हणजे आकाशाचा किती तुकडा माहितीय, हात लांब करून तारकर्लीच्या वाळूचा एक कण बोटावर धरला तर तो जेवढं आकाश झाकेल तेवढा.

वाकलेल्या आहेत त्या क्लस्टरच्या खूप मागे आहेत, त्यांचा प्रकाश इकडे येताना क्लस्टरच्या जवळून जातो आणि वळतो. वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वळतो हे आइनस्टाइनने १९१५ मध्ये नीट हिशोबासकट मांडलं, आणि २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन ह्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून आणि ब्राझीलमधल्या सोब्रालहून सूर्याच्या कडेचे तारे बघून ते तपासलं. सूर्याच्या अगदी कडेला वळण किती, तर १.७५ सेकंद, म्हणजे एका अंशाचे ३६०० तुकडे केले तर त्यातले पावणेदोन. ग्रहण का, तर एरवी सूर्याशेजारचे तारे दिसणार कसे. (ग्रहणावरून आठवलं, विजयदुर्गला दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियमचा वाढदिवस करतात, १८६८ च्या ग्रहणावरून, आणि किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात. आपल्या किल्ल्याचं नाव होतंय तर मी कशाला नाय म्हणू, पण ज्या लॉकियरचं नाव घेतात त्याने सूर्याच्या प्रकाशातली ती हेलियमची पिवळी रेघ ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्येच बसून बघितली, ग्रहणाशिवाय. हे मागे एकदा तिथल्या गाईडला सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो.)

भाचा म्हणाला ते ठीक, पण मध्ये तर एवढं काही दिसत नाही, तेवढ्याने एवढं वाकतं?

इथे तातूमामांनी मान वर केली. तातूमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते. म्हणाले, "पाण्यात खडक दिसता काय? लाट बघूची."

मी नववीत असताना त्यांनी मला हे होडीतून दाखवलं होतं, मालवणच्या धक्क्यापासून सिंधुदुर्गाकडे जाताना. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना माहीत असेल, किल्ला समोर दिसतो पण होडी सरळ जात नाही, कारण भोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत, काही ओहोटीला डोकं काढतात आणि काही कधीच काढत नाहीत. हे कधीच डोकं न काढणारे ओळखायचे कसे, तर लांबून येणारी लाट एक सरळ रेघ असते, ती खडकाच्या वर आली की तिथे पाणी उथळ म्हणून तेवढा तुकडा मंद होतो, दोन्ही बाजूचे तुकडे पुढे निघतात, रेघेला पोक येतो, आणि खडक ओलांडल्यावर त्या दोन बाजू आत वळून एकमेकींना कापतात. वर फेस नाही, काही नाही, दोन-तीन वाव पाणी असेल, पण पुढे एका जागी लाटा उगाच उंच होतात आणि तिरक्या एकमेकींत शिरतात. तातूमामा तेव्हा म्हणाले होते, "थंय खडक आसा. माका दिसना नाय, पण लाटेक म्हायत आसा."

मी प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये हे उदाहरण वापरलं होतं, आमच्या सरांना आवडलं, आणि ते नुसतं उदाहरण नाहीये हे मला त्यांनीच सांगितलं. गणित बरंचसं तेच आहे. वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश आपल्याला इथून बघताना मंदावल्यासारखा असतो, म्हणून त्याच्या लाटेला पोक येतो, म्हणून ती वळते. फरक एक आहे, काचेच्या भिंगात लाल आणि निळा प्रकाश वेगवेगळा वळतो, गुरुत्वाकर्षणात सगळे रंग सारखे वळतात, आणि ह्याचा पुढे फार उपयोग होतो कारण एकाच गॅलक्सीच्या दोन-तीन प्रतिमा दिसत असतील तर त्यांचे रंग जुळायला हवेत. फोटोत त्या जुळ्या शोधायच्या असतात त्या अशाच, रंगावरून.

आता "मध्ये काही दिसत नाही" ह्याबद्दल. आत्ता वर बघ म्हटलं, ढग नाहीत तोवर, ती तांबूस चमकणारी स्वाती, तो तिकडे सिंह, त्या दोघांच्या मधल्या बाजूला जे फिकट पुंजक्यासारखं वाटतं ते अरुंधती केश. त्याच दिशेला, पण फार फार मागे, ३० कोटींहून जास्त प्रकाशवर्षांवर कोमा क्लस्टर आहे, हजारावर गॅलक्सींचा. डोळ्यांना तो दिसत नाही. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी नावाच्या, सगळ्यांशी भांडणाऱ्या स्विस माणसाने त्यातल्या गॅलक्सींचे वेग बघितले आणि त्याच्या लक्षात आलं की एवढ्या वेगाने पळणाऱ्या गॅलक्सी एकत्र धरून ठेवायला जेवढं वजन लागतं त्याच्या आसपासही दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन जात नाही. काहीतरी न दिसणारं आहे असं त्याने लिहिलं. आणि १९३७ मध्ये त्यानेच सुचवलं की गॅलक्सी भिंगाचं काम करू शकतील आणि त्यावरून त्यांचं वजन करता येईल. त्याच्या आदल्याच वर्षी खुद्द आइनस्टाइनने एका ताऱ्याने दुसऱ्या ताऱ्याचा प्रकाश वळवण्याचं गणित छापून, हे प्रत्यक्ष बघायला मिळण्याची काय आशा नाही असं म्हटलं होतं. झ्विकीचं कोणी मनावर घेतलं नाही. पहिली जुळी प्रतिमा सापडली १९७९ मध्ये, एका क्वेसारची (म्हणजे फार लांबच्या गॅलक्सीचं अतिशय चमकदार केंद्र), आणि क्लस्टरमधल्या त्या लांबलचक कमानी १९८६-८७ च्या सुमारास, आबेल ३७० नावाच्या क्लस्टरमध्ये. आधी वाटलं ही क्लस्टरमधलीच काहीतरी विचित्र वस्तू असेल, मग फ्रान्समधल्या तुलूझच्या टीमने कमानीचा रेडशिफ्ट (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय ते, जितका जास्त तितकी वस्तू लांब) मोजला तर तो क्लस्टरच्या जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे ती मागची गॅलक्सी, वाकून दिसणारी. झ्विकी १९७४ मध्येच गेला होता.

कमान मिळाली की वजनाचं पहिलं उत्तर फार सोपं आहे. कमान केंद्रापासून किती लांब ते मोजायचं, क्लस्टर किती लांब आणि मागची गॅलक्सी किती लांब ते रेडशिफ्टवरून घ्यायचं, की त्या वर्तुळाच्या आत एकूण किती वस्तुमान आहे ते निघतं, मग ते चमकणारं असो की काळं. वस्तुमान चौपट तर वर्तुळ दुप्पट. भारी क्लस्टरांमध्ये हे वर्तुळ अर्ध्या मिनिटाच्या त्रिज्येचं असतं, अंशाच्या साठाव्या भागातलं अर्धं, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साठावा हिस्सा. आणि उत्तर काय येतं, तर मोठ्या क्लस्टरचं वजन सूर्याच्या १०० ते १००० लाख कोटी पट. त्यात तारे मिळून काही टक्के फक्त. गॅलक्सींच्या मधल्या मोकळ्या जागेत जो कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो आणि एक्स-रेमध्ये दिसतो तो ताऱ्यांच्या कितीतरी पट. आणि ते सगळं मिळूनही पाचवा-सहावा हिस्सा. बाकी जे उरतं ते न दिसणारं.

पण कमानी फक्त मधल्या दाट भागातच होतात. बाहेरच्या बाजूला खडक खोल आहे, लाट अगदी जराशी वाकते, डोळ्याला कळतसुद्धा नाही. खरा नकाशा काढायचा तर तिथली वाक मोजायला लागते, आणि माझे सहा महिने गेले ते ह्यात.

देवगडचा हापूस घ्या. पेटीतला प्रत्येक आंबा आपापल्या तऱ्हेने थोडा लांबट, थोडा वाकडा, कोणाला चोच कोणाला पोट. एक आंबा हातात घेऊन तुम्ही सांगू शकत नाही की हा झाडावरच असा होता की पेटी दाबली गेली म्हणून असा झाला. पण शंभर पेट्यांतले सगळे आंबे मोजले आणि सरासरी काढली आणि ती सरासरी एका बाजूला चपटी आली, तर पेट्यांवर काहीतरी ठेवलं होतं हे नक्की, कारण आंब्यांनी आपापसात ठरवून एका दिशेला चपटं व्हायचं काही कारण नाही. गॅलक्सींचं तस्संच. प्रत्येकीचा स्वतःचा लांबटपणा साधारण ३० टक्क्यांचा, आणि क्लस्टरच्या बाहेरच्या भागात भिंगामुळे येणारा चपटेपणा ३ टक्के किंवा त्याहून कमी. शंभर गॅलक्सींची सरासरी काढली तर गोंगाट दहापट कमी होऊन कसाबसा सिग्नलच्या बरोबरीला येतो, विश्वास ठेवायचा तर हजारेक लागतात. नशिबाने आकाशात माल भरपूर आहे, चांगल्या दुर्बिणीने पूर्ण चंद्राएवढ्या तुकड्यात दहा-पंधरा हजार फिकट गॅलक्सी आरामात मोजता येतात. टायसन आणि त्याच्या साथीदारांनी १९९० मध्ये हे क्लस्टरभोवती पहिल्यांदा पकडलं, आणि १९९३ मध्ये कायझर आणि स्क्वायर्स ह्या दोघांनी ह्या चपटेपणाच्या रेघांवरून सरळ वस्तुमानाचा नकाशा कसा काढायचा त्याचं सूत्र दिलं. सूत्र तीन-चार ओळींचंच आहे. म्हणून मला वाटलं महिन्याभरात होईल.

नाय झालं. आधी हवा आणि दुर्बीण मिळून प्रत्येक ठिपक्याला जो फराटा मारतात तो काढायला लागतो, त्यासाठी आपल्याच आकाशगंगेतले तारे कामाला येतात, कारण तारा हा ठिपकाच असायला हवा, तो जर अंड्यासारखा दिसत असेल तर चूक दुर्बिणीची. मग क्लस्टरमधल्या स्वतःच्या गॅलक्सी यादीतून काढायच्या, त्या भिंगाच्या पुढेमागे नाहीत, भिंगातच आहेत, त्या राहिल्या तर सरासरी पातळ होते. हे सगळं रंगावरून छाटत बसायचं. सगळं करून नकाशा काढला आणि जिथे क्लस्टर असायला हवं तिथे चार पाकळ्यांचं फूल आलं. सुंदर, सारख्या चार पाकळ्या. मला वाटलं काहीतरी मोठंच सापडलं, दोन रात्री झोप नाही, घरी फोन करून सांगितलंसुद्धा.

सरांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, पंचेचाळीसचा नकाशा काढलास?

पंचेचाळीसचा नकाशा म्हणजे सगळ्या गॅलक्सींचे आकार जागच्या जागी ४५ अंशांनी फिरवायचे आणि तोच नकाशा पुन्हा काढायचा. गुरुत्वाकर्षण चपटं करतं ते केंद्राभोवती गोल, पिळल्यासारखं कधी करत नाही, त्यामुळे फिरवलेल्या नकाशात नुसता कचरा यायला हवा, कुठे काही उंचवटा नको. आला तर तो आकाशातला नाही, तुझ्या कोडमधला. मी काढला. त्यात पण फूल, जरासं तिरकं झालेलं, पण तेवढंच टवटवीत. दोन दिवसांनी कळलं, फोटोच्या फाईलमध्ये ओळी वरून खाली मोजल्या होत्या आणि मी खालून वर धरल्या होत्या, त्यामुळे चपटेपणा किती आणि कुठल्या दिशेला हे ज्या दोन आकड्यांत लिहितात त्यांपैकी एकाचं चिन्ह उलटं. एक उणे चिन्ह टाकलं, पाकळ्या गेल्या, मध्ये एक साधा गोळा आला, आणि पंचेचाळीसच्या नकाशात कचरा. तो कचरा बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा गोळा बघून झाला नाही. घरी मात्र पुन्हा फोन केला नाही, आई अजून कोणाकोणाला सांगते की ह्याने आकाशात फूल शोधलं होतं.

अजून एक अडचण सांगतो आणि पुढे जातो. अख्ख्या फोटोभर एकसारखी पसरलेली वस्तुमानाची चादर असेल तर ती मागच्यांना नुसती मोठी करते, चपटी करत नाही, त्यामुळे आकार मोजून तिचा पत्ता लागत नाही. त्यासाठी दुसरे उपाय करावे लागतात. भाचा इथे जांभई द्यायला लागला होता.

मग त्याला बुलेट क्लस्टरचं सांगितलं, कारण त्यात टक्कर आहे. शिमग्यात दोन पालख्यांची भेट होते तेव्हा काय होतं, दोन्हीकडची माणसं एकमेकांतून घुसून पार जातात, आणि गुलाल मात्र मध्येच हवेत लटकत राहतो. बुलेट क्लस्टरमध्ये दोन क्लस्टर असेच एकमेकांतून आरपार गेलेत. गॅलक्सी म्हणजे माणसं, त्या गेल्या पुढे, त्यांच्यात अंतरच एवढं की आपटायचा प्रश्न नाही. गरम वायू म्हणजे गुलाल, तो एकमेकांत अडकून मध्ये राहिला, चंद्रा दुर्बिणीच्या एक्स-रे फोटोत तो तिथेच दिसतो. आता साध्या वस्तुमानात वायूच जास्त, ताऱ्यांच्या कितीतरी पट. म्हणजे न दिसणारं असं काही नसेल आणि नुसतं गुरुत्वाकर्षणाचं गणितच कुठे चुकत असेल, तर वाक मोजून काढलेला नकाशा मध्ये, गुलालावर जास्त जड यायला हवा. क्लो आणि साथीदारांनी २००६ मध्ये नकाशा छापला, तर वजन दोन्ही बाजूंना, पुढे गेलेल्या गॅलक्सींबरोबर. गुलालाबरोबर नाही. ह्या एका नकाशाने सगळी भांडणं मिटली असं नाही, अजून चालू आहेत, पण मला विचाराल तर ह्या विषयातला सगळ्यात बोलका फोटो हाच.

आणि नकाशा खरा की खोटा ह्याची खरी परीक्षा झाली २०१५ मध्ये, ही माझी सगळ्यात आवडती. नोव्हेंबर २०१४ मध्ये हबल दुर्बिणीच्या फोटोंत एक सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारा तारा, सापडला, एकच स्फोट, पण चार ठिकाणी दिसणारा, एका गॅलक्सीभोवती चार ठिपके. जेवणाच्या पाटाभोवती चार वाट्या मांडाव्यात तसे. त्याचं नाव रेफ्सडाल ठेवलं, कारण श्युर रेफ्सडाल ह्या नॉर्वेच्या माणसाने १९६४ मध्येच म्हटलं होतं की भिंगातून दिसणारा सुपरनोव्हा वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळ्या वेळी पोचेल. लाट खडकाच्या डावीकडून आली तर लवकर, उजवीकडून आली तर उशिरा. आता हा स्फोट ज्या गॅलक्सीत झाला तिच्या स्वतःच्या प्रतिमा क्लस्टरमध्ये आणखी दुसऱ्या जागीही दिसत होत्या. म्हणजे तिथेही तो स्फोट दिसायलाच हवा, आज नाय तर उद्या, फक्त त्या वाटेवरचा प्रकाश अजून पोचायचाय. क्लस्टरच्या वस्तुमानाचे नकाशे काढणाऱ्या वेगवेगळ्या टीमांनी आपापल्या नकाशावरून आधीच लिहून ठेवलं, अमुक जागी, साधारण अमुक महिन्यांत. हबल अधूनमधून तिकडे बघत राहिलं. ११ डिसेंबर २०१५ च्या फोटोत, सांगितलेल्या जागी, ठिपका. नंतर नीट हिशोब केला तेव्हा पहिल्या चारांतल्या एकापासून हा ३७६ दिवस उशिरा आला असं निघालं. हे वाचलं त्या दिवशी मी ऑफिसच्या कॉलवर होतो आणि म्यूट करायला विसरून मोठ्याने "आला!" म्हणालो. क्लायंटला वाटलं त्यांचा रिपोर्ट आला.

तरी सगळं जुळतंय असंही नाही. कोइम्बतूरला जन्मलेल्या आणि आता अमेरिकेत येल विद्यापीठात असलेल्या प्रियंवदा नटराजन ह्याच नकाशांवर वर्षानुवर्षं काम करतायत, आणि २०२० मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की क्लस्टरमधल्या एकेका गॅलक्सीभोवतीचे छोटे गोळे कॉम्प्युटरवरच्या हिशोबापेक्षा दहापटीहून जास्त जोरात वाकवतायत. म्हणजे मोठा खडक बरोबर, पण त्यावरचे छोटे सुळके अपेक्षेपेक्षा टोकदार. का, ते चाललंय.

एवढं होईस्तोवर भाचा खळ्यातच झोपला. तातूमामा मात्र ऐकत होते, जाळं बाजूला ठेवून त्याचा फोन हातात घेतला, फोटो मोठा करून एका कमानीवर बोट ठेवलं, मग तिच्या बरोब्बर समोरच्या बाजूच्या दुसऱ्या कमानीवर, मग बोट सरकवत मधोमध आणलं. मी काही सांगितलं नव्हतं तरी बोट बरोबर तिथे थांबलं.

"हंयसर आसा," म्हणाले. "खडक खंय आसा ता कळला. किती मोठो आसा ता पण कळला. पण कसलो आसा तो?"

मी म्हटलं ते अजून कोणालाच माहीत नाय मामा.

"मगे नाव काय ठेवलास?"

"डार्क मॅटर."

"म्हणजे काळोख," असं म्हणून त्यांनी फोन भाच्याच्या उशाशी ठेवला आणि टॉर्च परत जाळ्यावर धरली. लाईट आली पावणेबाराला.